सार्वजनिक जमिनीवर फेझंटची शिकार शिकताना : मिनेसोटातील पहिल्या हंगामाच्या नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

या प्रकल्पाचे उद्दिष्ट आज कागदावर उतरवून ठेवत आहे. येत्या हंगामात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सार्वजनिक जमिनीवर, पाळून सोडलेल्या पक्ष्यांच्या खासगी कुरणात पैसे भरून नव्हे, तर स्वतः पायपीट करून, एक तरी नर फेझंट, म्हणजे कोंबडीच्या कुळातला लांब शेपटीचा रानपक्षी, कायद्याच्या चौकटीत राहून टिपायचा, तो शोधून हाती घ्यायचा आणि घरी आणून शिजवायचा. पहिल्या वर्षी यापलीकडे काही ठरवलेले नाही.

आमच्या घराण्यात कोणी शिकार केलेली नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय जवळजवळ मिटवला आणि तेथील परिस्थितीत ते योग्यच झाले असे माझे मत आहे. येथील व्यवस्था निराळी आहे. १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के कर बसतो, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, आणि परवान्यांच्या शुल्काचीही त्यात भर पडते. म्हणजे जो गवतात शिरतो तो त्या गवताचा काही खर्च उचलतो. चौदा वर्षे मी या राज्यात राहतो, दुकानातील प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कोंबडी आणून खातो, आणि या गवताळ प्रदेशाची माझी ओळख महामार्गावरून दिसणाऱ्या मक्याच्या शेतांपुढे गेलेली नाही. ती वाढावी, आणि आपण खातो त्या जिवाचा शेवट एकदा तरी आपल्या हातून आणि आपल्या जबाबदारीवर व्हावा, ही इच्छा बऱ्याच दिवसांची आहे.

पक्षी मूळचा येथला नाही. शांघायमधील अमेरिकी वकिलातीत असलेल्या ओवेन डेनी यांनी १८८१-८२ च्या सुमारास चीनमधून ओरेगनला फेझंट पाठवले आणि ते तेथे रुजले. पुढे ते अनेक राज्यांत सोडण्यात आले. मिनेसोटात त्यांच्या शिकारीचा पहिला हंगाम १९२४ मध्ये झाला, म्हणजे यंदा त्याला बरोबर शंभर वर्षे होतात. कुळ मात्र आपल्या ओळखीचे आहे : मोर, तित्तर, लावा आणि सह्याद्रीतील रानकोंबडा हे सगळे याच कुळातले.

२९ जून, शनिवार

ज्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९७९ नंतरचा आहे त्यांना येथे बंदूक-सुरक्षेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय शिकारीचा साधा परवाना मिळत नाही. प्रौढांना हा अभ्यासक्रम संगणकावर पूर्ण करता येतो. तो आज संपवला. चार नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. नळीचे तोंड ज्याला इजा व्हायला नको त्याच्याकडे कधीही वळू देऊ नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे हे पक्के कळल्याशिवाय नेम धरू नये. आणि मारायचे ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर असावे. वाचायला हे सोपे आहे, पण चौथा नियम हाताच्या सवयीचा आहे आणि सवय वाचून लागत नाही. घरात छत्री उचलतानाही तर्जनी सरळ ठेवण्याचा सराव सुरू केला आहे.

आपल्यापैकी जे एच-वन-बी व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट येथे नोंदवतो, कारण मला ती उशिरा कळली. तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीने बंदूक बाळगणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे, परंतु वैध शिकार परवाना जवळ असल्यास त्याला अपवाद आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर हा प्रश्न राहत नाही. माझे ग्रीन कार्ड आल्यावरच मी या विषयाला हात घातला, आणि ज्यांना आधी सुरुवात करायची असेल त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

१३ जुलै, शनिवार

बंदूक घेतली : जुनी, बारा बोअरची (बोअर हे नळीच्या रुंदीचे माप), पंप-ॲक्शन शॉटगन, म्हणजे एका बारात अनेक छरे उडवणारी आणि पुढची मूठ मागे-पुढे ओढून नवे काडतूस चढवायची बंदूक. दुकानात केंद्रीय अर्ज भरून पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण झाली. वीस बोअरची हलकी बंदूक दिवसभर हातात धरायला सोयीची असते, पण पोलादी छऱ्यांची काडतुसे बारा बोअरमध्ये सहज आणि अनेक प्रकारांत मिळतात, म्हणून हा निर्णय घेतला.

बंदूक अंगाला बसते की नाही याची परीक्षा आमच्या गल्लीतील एका निवृत्त गृहस्थांनी शिकवली. मुले त्यांना आजोबाच म्हणतात, तेव्हा या नोंदींतही ते आजोबाच. चाळीसहून अधिक हंगाम त्यांनी पाहिले आहेत. त्यांनी मला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि मग डोळे उघडायला सांगितले. नळीच्या टोकावरचा मणी डोळ्यासमोर सरळ रेषेत आला तर दस्ता बरोबर, आणि मान वाकवून तो शोधावा लागला तर चूक. मला मान बोटभर वाकवावी लागत होती. दस्त्यावर गालाखाली कापडी पट्टी गुंडाळून तेवढे अंतर भरून काढले.

२७ जुलै, शनिवार

मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी केली. पंचवीसपैकी सात फुटल्या. पहिल्या दहांत एकही नाही. चूक समजायला एक तास गेला : तबकडी गाठली की मी नळी थांबवत होतो, आणि नळी थांबली की छरे मागे पडतात. छऱ्यांना पोहोचायला लागणाऱ्या क्षणात उडणारी वस्तू पुढे सरकलेली असते, त्यामुळे मागून येऊन, तिला ओलांडून, हात चालता ठेवूनच चाप ओढावा लागतो. दर शनिवारी दोन फेऱ्या मारायच्या, असे सप्टेंबरपर्यंतचे वेळापत्रक ठरवले.

१० ऑगस्ट, शनिवार

पहाटे अडीचला निघून राज्याच्या नैर्ऋत्येस, लायन काउंटीत, सूर्योदयाच्या वेळी पोहोचलो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येथील नैसर्गिक संसाधन विभागाचे लोक ठरलेल्या ग्रामीण रस्त्यांवरून २५-२५ मैल गाडी हळू चालवत फेझंट मोजतात. ही गणना १९५५ पासून चालू आहे. वेळ सकाळचीच का, हे आज प्रत्यक्ष पाहिले. रात्री दाट दव पडले की पिल्ले गवतात ओलीचिंब होतात, आणि आई त्यांना अंग वाळवायला खडीच्या रस्त्याच्या कडेला घेऊन येते. पावणेसातच्या सुमारास एक मादी आणि तिच्यामागे सात पिल्ले दिसली. पिल्ले लावरीएवढी होती आणि पंख अर्धवट पसरून उन्हाकडे पाठ करून उभी होती. बावीस मैलांत अशी तीन कुटुंबे आणि दोन एकटे नर दिसले. ही ठिकाणे नकाशावर टिपली.

तिन्ही कुटुंबे जेथे दिसली तेथे मोठ्या गवताचा तुकडा, पाणथळ आणि शेत हे एकमेकांपासून चारशे पावलांच्या आत होते. केवळ मका असलेल्या सलग मैलभरात एकही पक्षी नव्हता. माझ्या दृष्टीने आजच्या दिवसाची खरी कमाई हीच.

१४ सप्टेंबर, शनिवार

बंदुकीचे छरे कोठे आणि कसे पसरतात हे कागदावर तपासले. ३० यार्डांवर मोठा कागद लावून मध्यभागी एक काडतूस मारले आणि सर्वांत दाट भागाभोवती ३० इंच व्यासाचे वर्तुळ काढले. केंद्र सरकारच्या पाणपक्षी-उत्पादन क्षेत्रांत, म्हणजे पाणपक्ष्यांच्या विणीसाठी राखलेल्या जमिनींवर, शिशाचे छरे वापरता येत नाहीत, आणि माझ्या यादीतील काही जमिनी त्याच प्रकारच्या आहेत, म्हणून सगळीकडे पोलादच वापरायचे ठरवले. पोलादाची घनता शिशाच्या जेमतेम दोन-तृतीयांश असते. त्यामुळे छरा आकाराने मोठा घ्यावा लागतो आणि लांबवर त्याचा जोर लवकर ओसरतो. चार नंबरच्या आकाराच्या पोलादी छऱ्यांनी ३० यार्डांवर वर्तुळ नीट भरले. ४० यार्डांवर मात्र कागदावर तळहाताएवढ्या रिकाम्या जागा राहिल्या, आणि त्या जागांत पक्षी जखमी होतो पण पडत नाही. वहीत लाल शाईने लिहिले आहे : ३५ पावलांपुढे चाप नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज जमिनी पायाखाली घालून पाहिल्या. मिनेसोटात राज्याच्या वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रांची संख्या सुमारे १,५०० आहे आणि त्यांचे क्षेत्रफळ १३ लाख एकरांच्या आसपास आहे. पाणथळी वाचवण्यासाठी १९५१ मध्ये सुरू झालेल्या खरेदीतून ही साखळी उभी राहिली. त्यांच्या जोडीला केंद्रीय पाणपक्षी क्षेत्रे आहेत. तिसरा प्रकार म्हणजे शेतकऱ्यांनी राज्याशी करार करून लोकांना पायी फिरण्यासाठी खुल्या केलेल्या खासगी जमिनी, ज्यांच्या कडेला हिरव्या-पिवळ्या षटकोनी पाट्या असतात. त्यांच्यासाठी परवान्यावर तीन डॉलरची वेगळी नोंद घ्यावी लागते. लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचा परवाना २२ डॉलर आणि फेझंटचा शिक्का साडेसात डॉलर असा माझा एकूण खर्च साडेबत्तीस डॉलर झाला. एवढ्या पैशांत एका सामान्य नोकरदाराला लाखो एकर जमिनीवर पाय ठेवण्याचा हक्क मिळतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या गायरानाशी तिची तुलना मनात येते. मात्र हे गायरान गुरांपेक्षा पक्ष्यांसाठी राखलेले आहे.

लॅक क्वी पार्ल या नावाचे, म्हणजे ‘बोलणारे तळे’ असलेले, मोठे क्षेत्र सर्वांच्या तोंडी असते. मी ते पाहिले आणि यादीतून वगळले, कारण विस्तार मोठा असला की एकट्या, कुत्रा नसलेल्या माणसापुढे पक्षी नुसते पळत राहतात. त्याऐवजी १६० एकरांच्या आतले पाच तुकडे निवडले. त्यांतील क्रमांक तीनचा तुकडा मला सर्वांत आवडला : पश्चिमेला पाणकणसाची दलदल, मध्ये स्विचग्रास नावाचे कमरेएवढे उंच गवत, पूर्वेला शेजारच्या शेतकऱ्याचे सोयाबीन, आणि दक्षिणेला गवताची एक चिंचोळी पट्टी, जी हळूहळू निमुळती होत रस्त्याजवळ संपते. शेतजमिनीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, पाटी असो वा नसो, म्हणून सीमेवरचे खांब एकेक करून नकाशाशी जुळवून पाहिले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या हंगाम उघडतो. नारिंगी जाकीट आणि टोपी, दोन लिटर पाणी, प्रथमोपचाराची पिशवी आणि कागदी नकाशा भरून ठेवला.

रात्री सांगलीला फोन केला. अण्णांना मी हा विषय आतापर्यंत सांगितला नव्हता. ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “घरात खायला कमी आहे का रे?” मी म्हटले, “नाही अण्णा. पण कोंबडी खातोच आहे, ती दुसऱ्याने मारलेली.” त्यावर ते म्हणाले, “ते बरोबर आहे. मग एक कर. मारशील ते टाकू नकोस, आणि अर्धमेलं सोडू नकोस.” आई मागून म्हणाली की थंडीची बंडी घालून जा.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मिनेसोटात फेझंटची शिकार सकाळी नऊला सुरू होते आणि सूर्यास्ताला थांबते. मी साडेसातला क्रमांक तीनच्या तुकड्यावर पोहोचलो तर तेथे आधीच दोन गाड्या होत्या. जेथे कोणी आधी आलेले असेल तेथे शिरू नये, हा अलिखित नियम आजोबांनी बजावला होता. क्रमांक एक आणि चारवरही तीच स्थिती. शेवटी पाचव्या तुकड्यावर नऊ वाजून चाळीस मिनिटांनी गवतात शिरलो.

पाऊस नसल्यामुळे सगळे कोरडे ठणठणीत होते आणि प्रत्येक पावलाला करकर आवाज येत होता. निम्मा मका अजून उभा होता, त्यामुळे बरेच पक्षी त्यातच असणार हे उघड होते. चार तासांत पाच माद्या उठल्या. पहिली माझ्या बुटापासून दोन हातांवरून उठली तेव्हा तो फडफडाट छातीत जाणवला आणि बंदूक अर्धी खांद्यावर आली. पण रंग मातकट, शेपूट आखूड, आवाज नाही. बोट चापाबाहेर होते. मादी मारणे बेकायदेशीर आहे आणि त्यामागचे कारण सरळ आहे : एक नर अनेक माद्यांबरोबर जुगतो, त्यामुळे काही नर कमी झाल्याने पुढच्या वर्षीच्या पिल्लांत फारसा फरक पडत नाही, मादी गेली तर मात्र तिचे सगळे घरटेच जाते.

एक नर दिसला, पण तो सूर्याच्या बाजूला उठला. काळी आकृती, लांब शेपूट, ओरडण्याचा खडबडीत आवाज. बहुधा नरच, परंतु ‘बहुधा’वर चाप ओढायचा नाही. यापुढे उन्हाकडे पाठ राहील अशा दिशेनेच चालायचे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन तुकडे, नऊ मैल, एक मादी. नोंद घेण्यासारखे दुसरे काही नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आजची नोंद लिहायला जड जाते आहे, पण हीच नीट लिहायला हवी.

क्रमांक तीनच्या तुकड्यावर दुपारी अडीचनंतर एकटाच होतो. वारा वायव्येकडून होता, म्हणून तोंडावर वारा घेऊन दलदलीच्या कडेने निघालो. या वेळी वेग कमी ठेवला : वीस पावले चालायची, मग अर्धा मिनिट स्तब्ध उभे राहायचे. पक्षी चालणाऱ्या माणसाचा आवाज ऐकून त्याचे अंतर जोखत दबून बसतो, पण आवाज थांबला की त्याला धीर राहत नाही. चौथ्या थांब्याला, माझ्या डावीकडे वीस पावलांवर, नर उठला. पांढरी गळपट्टी स्वच्छ दिसली. पहिला बार मी घाईने केला आणि तो मागे गेला. दुसरा बार केला तेव्हा पक्षी चाळीस पावलांपलीकडे होता, हे मला बार करतानाही ठाऊक होते. लाल शाईतला नियम मी त्या एका क्षणात मोडला. पक्ष्याचा एक पाय खाली लोंबला, तो तसाच पंख ताणून शंभर पावले तरंगत गेला आणि पाणकणसात उतरला.

मी डोळे त्या जागेवरून काढायला नको होते, पण नवी काडतुसे भरण्यासाठी खाली पाहिले. वर पाहिले तेव्हा पाणकणसाचे सगळे तुरे एकसारखे होते. टोपी एका खांबावर अडकवून तेथून वर्तुळे मोठी करत शोध घेतला. तीन पिसे मिळाली, तांबूस, कडेला काळी रेघ असलेली, आणि एका पात्यावर वाळत चाललेला रक्ताचा एक थेंब. त्यापुढे काही नाही. जखमी फेझंट पडल्या जागी थांबत नाही. तो पळतो, आणि पाणकणसाच्या बुंध्यांत मान घालून निपचित पडतो, माणूस त्याच्यावरून गेला तरी हलत नाही. सूर्यास्तापर्यंत, म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ शोधले. हाती आला नाही.

दिवसाची मर्यादा दोन नरांची आहे. हा एक त्यात धरला, आणि ज्या दिवशी असे होईल त्या दिवशी दुसरा शोधायचा नाही असेही ठरवले. अण्णांना आज फोन केला नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

आज पहाटे घड्याळे तासभर मागे गेली, त्यामुळे सूर्यास्त पाचच्या सुमारास आला. आजोबांनी त्यांच्या लॅब्रॅडोर कुत्रीसह बरोबर नेले. फराळाचा डबा घेतला होता. आजोबांना चकली आवडली आणि कुत्रीला शेव.

मी त्यांना गेल्या आठवड्याची हकिकत सांगितली. त्यांनी दोष दिला नाही आणि समजूतही काढली नाही. म्हणाले की कुत्रा नसेल तर दलदलीच्या कडेला बार करायचाच नाही. पक्षी जेथे पडेल तेथे आपल्याला दिसेल अशाच ठिकाणी शिकार करायची. मग त्यांनी एक सराव करून घेतला. ते चिखलाचे ढेकूळ लांब गवतात फेकत, आणि मी ते पडताच त्या रेषेत पलीकडची एखादी ठळक खूण, वाकलेले झुडूप किंवा खांब, नजरेने पकडून, नजर न हलवता सरळ चालत जाऊन ते शोधायचे. पंधरापैकी पहिल्या सहांत मी चुकलो, शेवटच्या पाचांत एकदाही नाही.

कुत्रीचे काम पाहणे हे स्वतंत्र शिक्षण होते. तिचे शेपूट एरवी सैल हलते. पक्ष्याचा वास लागला की ते जलद आणि आखूड हलू लागते आणि नाक जमिनीला टेकते. एकदा ती गवताच्या पट्टीतून शंभर पावले वेगाने गेली आणि पट्टी संपली तेथे थांबली, आणि तेथूनच नर उठला. आजोबांनी तो पाडला. तो पक्षी पूर्ण वेळ पळत होता आणि पळायला आडोसा उरला नाही तेव्हाच उडाला. क्रमांक तीनच्या दक्षिणेची निमुळती पट्टी मला त्या क्षणी आठवली.

९ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला. सार्वजनिक जमिनींवर गर्दी आणि लांब पल्ल्याच्या गोळ्या असतात. हे दोन आठवडे घरीच. तबकड्यांवर पंचवीसपैकी सतरा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

नर मिळाला.

दुपारी तीनला क्रमांक तीनवर पोहोचलो. गाडीचे दार लोटून न आपटता बंद केले, कारण दाराचा आवाज हे पक्षी ओळखतात. सोयाबीन आणि मका आता पूर्ण निघाले होते, आणि दिवसाचा शेवटचा तास हा पक्षी शेतातून चरून गवतात परतण्याचा असतो. उत्तरेकडून शिरलो, स्विचग्रासमधून नागमोडी चालत दक्षिणेकडे निघालो, आणि मुद्दाम दलदलीपासून दूर, पूर्वेच्या अंगाने राहिलो, म्हणजे पुढे पळणारा पक्षी निमुळत्या पट्टीत जाईल. वारा या वेळी पाठीवर होता, ते चांगले नव्हते, पण दोन्ही गोष्टी एकदम साधत नव्हत्या आणि पट्टी अधिक महत्त्वाची वाटली.

बर्फाचा पातळ थर होता. पट्टीच्या तोंडाशी तीन बोटांचे ताजे ठसे दिसले, एकापुढे एक, सरळ रेषेत, आणि मागे शेपटीची बारीक ओळ ओढलेली. ठसे रस्त्याकडे जात होते. मी वीस पावले चाललो आणि थांबलो. पुन्हा वीस, पुन्हा थांबलो. पट्टीची रुंदी आता जेमतेम आठ पावले उरली होती आणि टोक समोर दिसत होते. तेथे मी नेहमीपेक्षा अधिक वेळ, मनात साठ आकडे मोजत, उभा राहिलो. चव्वेचाळिसाव्या आकड्याला एका गवताच्या जुडीतून, अठरा पावलांवरून, तो सरळ वर उठला.

तो रस्त्याच्या दिशेने गेला असता तर बार करता आला नसता. तो पूर्वेला, मोकळ्या शेताकडे वळला. त्याच्या मागे फक्त आकाश होते. गळपट्टी, लांब शेपूट, ओरडणे. सगळे पाहून झाले आणि मगच बंदूक खांद्यावर आली. हात चालता राहिला. एक बार, पंचवीस पावलांच्या आसपास. पंख मिटून तो माझ्याच बाजूला, गवताच्या कडेला पडला. मी त्यामागच्या कुंपणाच्या खांबावर नजर ठेवून, काही न भरता, सरळ चालत गेलो. तो पाठीवर पडला होता आणि हालचाल नव्हती.

किती तरी वेळ मी त्याच्याजवळ गुडघे टेकून बसलो. दुरून जो तांबडा दिसतो तो रंग जवळून एक नसतो. छातीवरच्या प्रत्येक पिसाला तांब्याची चकाकी आणि टोकाला जांभळट काळी किनार असते, पाठीवर राखाडी-हिरवट, आणि डोक्याची हिरवी झाक हात हलला की निळी होते. डोळ्याभोवतीची लाल कातडी अजून ऊबदार होती. पायावरच्या आऱ्या बोथट आणि आखूड होत्या, म्हणजे याच वर्षी जन्मलेला पक्षी. ऑगस्टमध्ये रस्त्यावर पंख वाळवणाऱ्या पिल्लांच्याच वयाचा. आनंद होता, आणि त्याच्या जोडीला छातीत एक जडपणाही होता. दोन्ही खरे आहेत आणि मी एकाने दुसऱ्याला झाकू इच्छित नाही.

बंदूक रिकामी केली. नर आहे हे वाटेत कोणी तपासल्यास दिसावे म्हणून एक पाय तसाच ठेवून पक्षी साफ केला. गळ्याजवळच्या दाण्यांच्या पिशवीत मक्याचे एकतीस दाणे, सोयाबीनचे चार आणि काळे बारीक तणबी निघाले.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मांस पाण्यात धुऊन उजेडासमोर धरून तपासले. छरा मांसात शिरताना पिसाचा धागा बरोबर ओढून नेतो, त्यामुळे जेथे काळपट ठिपका आणि पिसाचे टोक दिसले तेथे सुरीच्या टोकाने खणून तीन छरे काढले. पोलादाचा एक छरा दाताखाली आला तर दात जातो.

छाती आणि तंगड्या वेगळ्या शिजवायला हव्यात. छातीच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते आणि चार मिनिटे जास्त झाली की ते लाकूड होते. तंगड्यांत मात्र काडीसारखे कडक स्नायूबंध असतात, त्यांना दोन-अडीच तास मंद आच लागते. सुके खोबरे, कांदा, तीळ आणि खसखस भाजून वाटण केले, त्यात तंगड्या, कलेजी आणि पेटा शिजवून तांबडा रस्सा केला. छातीचे तुकडे हळद, मीठ, आले-लसूण लावून लोखंडी तव्यावर तुपात परतले. चव कोंबडीपेक्षा गडद आहे, पण उग्र नाही. मुलाने दोनदा वाढून घेतले. पत्नीने एकच तुकडा खाल्ला आणि पुरे म्हटले, आणि तिच्या मताचा मला आदर आहे. आजोबांना डबा दिला.

अण्णांना फोन करून दोन्ही पक्ष्यांबद्दल सांगितले, ऑक्टोबरमधल्याबद्दल आधी.

१४ डिसेंबर, शनिवार

डिसेंबरपासून दिवसाची मर्यादा तीन नरांची झाली आहे. थंडीत पक्षी पाणकणसात गोळा होतात आणि दलदल गोठली की आत चालता येते, असे सगळे सांगतात. कडेला काठीने बर्फ फोडून पाहिला तर जाडी दीड इंच होती. माणसाच्या चालण्यासाठी किमान चार इंच नवा बर्फ लागतो असे नैसर्गिक संसाधन विभागाचे सांगणे आहे. आत पक्षी ओरडत होते. परत फिरलो.

१ जानेवारी २०२५, बुधवार

हंगामाचा शेवटचा दिवस. एकटाच होतो आणि क्रमांक तीनवर दुसरी गाडी नव्हती. साडेतीन तासांत दोन नर उठले, दोन्ही साठ पावलांच्या पलीकडे. तीन महिने ज्यांच्यामागे माणसे आणि कुत्री फिरली ते पक्षी आता इतक्या लांबूनच उठतात. बंदूक वर केली नाही.

दलदलीच्या पूर्व कडेला, वाऱ्याच्या आडोशाला, बर्फात बशीएवढे सतरा खळगे सापडले. प्रत्येकाच्या तळाशी विष्ठा आणि एखाददुसरे पीस. रात्री ते येथे बसतात. जागा नकाशावर टिपली. या ठिकाणी पाणकणीस निम्मे आडवे झाले आहे आणि त्यात विलोची झुडपे शिरू लागली आहेत; ती वाढली तर ससाण्यांना आणि घुबडांना बसायला जागा मिळेल आणि हा आडोसा बिघडेल. येथील वन्यजीव व्यवस्थापकांच्या कार्यालयाला उद्या पत्र लिहून विचारणार आहे की मार्चमध्ये झुडपे तोडण्यासाठी स्वयंसेवक घेतात का, आणि घेत असल्यास स्वतःची करवत आणायची की नाही.